हे भावाला वाचून दाखवू नका

ती. वन्सं,

सात समुद्र ओलांडूनही तुमच्या धाकातून न सुटलेल्या भावजयीचा वाकून नमस्कार. वाकता येतंय, म्हणजे माझी कंबर बरी आहे हे त्यातच समजून घ्या. तुमचा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी जिने चढू नका असं बजावलं असतानाही तुम्ही रोज गच्चीवर जाता, आणि कपडे वाळत घालायचं निमित्त करून शेजारणीने तिचे कपडे नीट झटकलेत की नाही हे बघून येता, हे मला इथे बसून दिसतंय. नव्या कवळीची सवय झाली का? आणि मी निघाल्यापासून तुमच्याकडे राहायला आलेल्या तुमच्या बंधुराजांचा डोळा कसा आहे? ऑपरेशननंतर अजून महिनाभर वाचन बंद, म्हणून माझी पत्रं तुम्हीच त्यांना जेवणानंतर मोठ्याने वाचून दाखवता, ही तुमची माया. पण वाचताना तुम्हाला न पटलेलं तुम्ही गाळता आणि मी लिहायला हवं होतं असं तुम्हाला वाटलेलं पदरचं घालता, हेही मला ठाऊक आहे. मागच्या रविवारी फोनवर त्यांनी माझं अभिनंदन केलं ते मी रोज पहाटे उठून व्यायाम करते म्हणून. वन्सं, मी असं कधी लिहिलं होतं हो? तेव्हा या खेपेला कुठे गाळायचं ते मीच कंसात लिहून देते, तुम्हाला त्रास नको.

आधी बातमी, मग रामायण. मला चांगली नोकरी मिळाली! सरकारी तंत्रशाळा, लेखी करार, शिक्कामोर्तब झालेलं नेमणूकपत्र, इंग्रजी शिकवायचं आणि फक्त इंग्रजीच शिकवायचं. हुश्श! हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं, एक कप चहा करून प्यायले आणि पुन्हा लिहायला बसले, इतका जीव भांड्यात पडलाय. (इथपर्यंत त्यांना वाचून दाखवा. शक्य असेल तर दोनदा.)

आता तुम्ही चष्मा पुसून म्हणाल, अगं, चांगली नोकरी तर तुला इथून निघतानाच मिळाली होती ना? काचेची स्वतंत्र केबिन होती ना? वन्सं, जरा बसून घ्या. (आणि इथून पुढे मी सांगेपर्यंत एक अक्षरही त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. डोळ्यावर ताण येईल. कानाने ऐकून डोळ्यावर ताण कसा येतो हे विचारू नका, त्यांच्या बाबतीत येतो.)

केबिन काचेची होती, हे खरं. दर्शनी भागात होती, हेही खरं. मी तुम्हाला एका शब्दानेही खोटं लिहिलं नव्हतं, फक्त ती केबिन म्हणजे दुकानाची खिडकी होती एवढंच लिहायचं राहिलं. झालं असं की, ज्या मध्यस्थाने मला ही नोकरी मिळवून दिली त्याने पाठवलेल्या फोटोत सहा मजली इमारत होती. ती इमारत आहे, मी रोज बघत होते, कारण ती आमच्या समोर होती. आमची भाषासंस्था म्हणजे एका सोफा-कपाटांच्या दुकानाशेजारचा गाळा. पुढे काच, मागे दोन खोल्या. मालक सदा हसतमुख. काहीही विचारा, हसायचे. पगाराची तारीख विचारा, हसायचे. माझा वर्ग कुठला विचारा, हसायचे. मी मनात त्यांचं नाव हसरेसाहेब ठेवलं. तर या हसरेसाहेबांनी मला पहिल्या दिवशी काचेमागे एक टेबल, एक खुर्ची, एक फळा आणि एक जाडजूड पुस्तक दिलं आणि बसा म्हणाले. मला वाटलं विद्यार्थी येतायत. तीन दिवस मी वाट पाहिली. चौथ्या दिवशी उलगडा झाला की शिकवणारे मागच्या खोलीत दुसरेच दोघे आहेत, त्यातल्या एकाला तर मीच दोनदा दुरुस्त केलं असतं. आणि मला आणलंय ते खास परदेशातून आलेली अनुभवी शिक्षिका दिसावी म्हणून. दिसावी, बरं का! सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच मी काचेत बसून वाचताना दिसायचं, हे माझं काम. सोफ्याच्या दुकानात मांडलेला सोफा आणि मी, यात फरक एवढाच की सोफ्याला दुपारी जेवायची सुट्टी नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग त्याच दिवशी तोंडावर राजीनामा का नाही फेकलास? कसा फेकणार वन्सं? आमची शाळा बंद पडल्यावर मी तिकडे दीड वर्ष किती दारं ठोठावली ते तुम्ही पाहिलंय. त्रेपन्नाव्या वर्षी मला कुणी उभं करत नव्हतं. एका ठिकाणी तर माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुलीने माझी मुलाखत घेतली आणि कळवते बाई म्हणून हात जोडले. सव्वीस वर्षं मी मुलांना विमानतळावरचा संवाद पाठ करून घेतला, आणि स्वतः विमान पाहिलं होतं ते गच्चीवरून. तेव्हा इथलं पत्र आलं आणि मी कुणाचं न ऐकता निघाले. निघताना तुम्ही काय म्हणालात आठवतंय? म्हणालात, जा बाई, पण महिन्याभरात परत आलीस तर मी काही बोलणार नाही. वन्सं, तुम्ही बोलता तेव्हा मला भीती वाटत नाही, पण तुम्ही काही बोलत नाही तेव्हा मी चळचळा कापते. म्हणून मी काचेत बसून राहिले.

पण गप्प बसून राहणं आपल्या रक्तात आहे का? आमच्या काचेसमोर बसचा थांबा होता. बसला उशीर व्हायचा आणि रांगेतली माणसं करमणूक म्हणून माझ्याकडे बघायची. आधी मला संकोच वाटायचा. मग एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी काचेवर टकटक करून माझ्या पुस्तकाकडे बोट दाखवलं आणि हे काय, असा हाताने प्रश्न केला. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'बुक' लिहिलं आणि पुस्तक वर धरलं. ते काचेपलीकडून तोंड हलवून म्हणाले, बुक. झालं! बांध फुटला की हो. दुसऱ्या दिवसापासून मी बस, छत्री, पिशवी, उशीर, असे रांगेला उपयोगी पडणारे शब्द फळ्यावर लिहायला लागले. आठवड्याभरात सव्वानऊच्या बसची रांग छोटी वाक्यं म्हणायला लागली. 'द बस इज लेट' हे वाक्य तर त्या माणसांनी इतक्या जिव्हाळ्याने म्हटलं की मी सव्वीस वर्षांत कुठल्याही वर्गाकडून तसं म्हणून घेऊ शकले नव्हते. काही जण पुढची बस मुद्दाम सोडायचे. एका बाईंनी वही आणायला सुरुवात केली. मी खडूने खूण करून गृहपाठ द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्या काचेला वही चिकटवून दाखवायच्या आणि मी आतून बरोबरची खूण करायचे.

हे चाललं पाच आठवडे. मग हसरेसाहेबांच्या लक्षात आलं की माझ्यामुळे आत फी भरायला कुणीच येत नाही, सगळे बाहेर उभे राहून फुकट शिकतायत. त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले नाहीत. मला बोलावून म्हणाले की तुम्हाला दिसायला ठेवलं होतं, शिकवायला कुणी सांगितलं? वन्सं, तुमच्याशप्पथ, मला सव्वीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. मी म्हटलं, दिसायलाच ठेवायचं होतं तर माझ्याहून देखणी माणसं बाजारात होती. आणि खडू टेबलावर आपटला. आपटलेला खडू फुटतो आणि आपल्याच अंगावर उडतो, त्यामुळे बाहेर पडताना माझ्या साडीवर पांढरा सडा होता, पण मान ताठ होती. रांगेतली दोन-चार माणसं काय झालं म्हणून बघत होती. मी त्यांना हात केला आणि कोपऱ्यापर्यंत न रडता गेले.

(अजून वाचून दाखवू नका. पाणी प्या.)

आता खरी पंचाईत. इथला राहायचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. नोकरी सुटली की तीस दिवस. त्यात दुसरी मिळाली तर ठीक, नाही तर गाशा गुंडाळायचा आणि घर गाठायचं. घर म्हणजे तुमचं ते न बोलणं. मी भिंतीवर तीस रेघा ओढल्या आणि रोज एक खोडायला लागले. भिंतीवर म्हणते खरी, पण माझ्या खोलीला भिंत अशी धड नव्हतीच, उतरतं छप्पर होतं. मधोमध उभं राहिलं तर डोकं वाचायचं, इकडेतिकडे पाऊल टाकलं की टेंगूळ. घरमालकीण शिवणकाम करणारी, खालच्या खोलीत दिवसभर मशीन चालवायची. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची येत नाही, पण तुमच्या-माझ्यात जेवढे गैरसमज होतात त्याच्या निम्मेही आमच्यात झाले नाहीत. (रागावू नका, कौतुकाने म्हणतेय.) मी वरून उतरले की ती माझ्या चेहऱ्याकडे बघायची, मशीन थांबवायची आणि स्टूल पुढे सरकवायची. मी तिथे बसून मुलाखतीची तालीम करायचे. तिला एक अक्षर कळत नसे, पण मी अडखळले की ती सुईकडे बघत मान हलवायची. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांपेक्षा बाई कडक.

मुलाखती तर अशा दिल्या की विचारू नका. एका बालवाडीने मला सशाचे कान लावून उड्या मारत अंकगीत म्हणायला सांगितलं. मी कान लावले, उड्याही मारल्या (माझ्या गुडघ्याचं कळवत नाही, तुमचा तुम्हाला पुरे आहे), पण सातपर्यंत पोहोचेस्तोवर धाप लागली आणि आठ नऊ दहा मी खुर्चीत बसून म्हटले. दुसऱ्या ठिकाणी एका गुळगुळीत गृहस्थांनी तासभर माझी परीक्षा घेतली, उच्चार, व्याकरण, सगळ्याची वाहवा केली, आणि शेवटी पेन फिरवत म्हणाले की सगळं उत्तम आहे हो, पण आमच्या ग्राहकांना जरा वेगळा चेहरा लागतो. मी विचारलं, वेगळा म्हणजे? तर ते खिडकीबाहेर बघायला लागले. वन्सं, मी गेली त्रेपन्न वर्षं हाच चेहरा वापरतेय, लग्नाआधी तो तुम्ही स्वतः येऊन पसंत केलात. त्या दिवशी मी खरंच खचले. घरी आले आणि घरमालकिणीच्या कापडाच्या ढिगात तोंड खुपसून रडले. तिने ते कापड काढून घेतलं, कारण ते गिऱ्हाइकाचं होतं, आणि दुसरं दिलं.

सत्ताविसाव्या दिवशी तंत्रशाळेत बोलावणं आलं. तिथे लिफ्ट दुरुस्त करणारे, नळजोडणी करणारे, विजेचं काम करणारे लोक शिकतात, आणि त्यांना कामापुरतं इंग्रजी हवं असतं. पत्रात लिहिलं होतं की उमेदवाराने एक नमुना पाठ घेऊन दाखवायचा आहे. मी फाटकावर पत्र दाखवलं. द्वारपाल म्हणाला, सात नंबरची खोली. मी पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि सात नंबरचं दार उघडलं. आत बाकांवर अकरा माणसं बसली होती. मोठी, शहाणीसुरती, प्रत्येकाच्या पुढ्यात कागद. मी आत शिरताच सगळी चिडीचूप होऊन माझ्याकडे बघायला लागली. आता तुम्हीच सांगा, सव्वीस वर्षं ज्या बाईने दार उघडलं की वर्ग चिडीचूप झालेला पाहिलाय, ती काय करेल? मी म्हटलं, स्टँड अप. अकराच्या अकरा उभे राहिले! सिट डाउन. बसले. मला भरून आलं. किती दिवसांनी आपलं कुणी ऐकलं होतं.

मग मी पाठ सुरू केला. रस्ता विचारणे आणि सांगणे. मी म्हणणार, वर्ग माझ्यामागून म्हणणार, ही माझी जुनी पद्धत तुम्हाला माहीत आहेच, आमच्या स्वयंपाकघरात मी पुतण्यांची शिकवणी घ्यायचे तेव्हा माहेरपणाला आलेल्या तुम्ही कानात कापूस घालायचात. वर्ग इतका चांगला म्हणत होता की मीच चकित झाले. खिडकीपाशी एक जाडजूड गृहस्थ होते, ते शेजाऱ्याशी कुजबुजत होते. मी त्यांना उठवून पहिल्या बाकावर आणलं. त्यांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं ते अशी अस्खलित देत होते की मला वाटलं, हा शिष्टपणा करतोय. मी म्हटलं, तुम्हाला येतं हे कळलं, आता बाकीच्यांना संधी द्या. एका चष्म्याच्या तरुण बाईने हात वर करून पाणी प्यायला जाऊ का विचारलं. मी नाही म्हटलं. मग मी सगळ्यांपुढचे कागद गोळा केले, पर्समधलं लाल पेन काढलं (ते माझ्याजवळ नेहमी असतं, कुणाकडे औषध असतं तसं) आणि वर्गाला जोडीजोडीने संवाद म्हणायला लावून तपासायला बसले. जाड गृहस्थांच्या कागदात दोन चुका सापडल्या. मी त्यांभोवती गोल काढले आणि समासात 'लक्ष द्या' असं लिहिलं.

तेवढ्यात दार उघडलं आणि पांढऱ्या केसांच्या उंच मुख्याध्यापिका, मागे समितीचे दोघे, असे आत आले. मी वर्गाला खूण केली. अकरा जणांनी उभं राहून एका सुरात 'गुड मॉर्निंग मॅडम' म्हटलं. मुख्याध्यापिका माझ्याकडे बघताहेत, मी अभिमानाने त्यांच्याकडे बघतेय, आणि त्या शांतपणे विचारतात की उमेदवारांचे अर्ज तुमच्याकडे कसे? वन्सं, ते अकरा जण माझ्याच जागेसाठी आलेले इंग्रजीचे शिक्षक होते! ती थांबायची खोली होती! त्यांना वाटलं मी परीक्षक, मला वाटलं ते वर्ग. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. हातात अकरा अर्ज, त्यातल्या चारांवर लाल शाई. कुणी हसलं नाही, हे सगळ्यात वाईट. मी अर्ज टेबलावर ठेवले, माफी मागितली आणि तोंड धुवायच्या खोलीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. तिथे मी तुमचं न बोलणं अगदी स्पष्ट ऐकलं.

परत निघूनच जाणार होते, पण पर्स सात नंबरमध्ये राहिली होती. ती आणायला गेले तर नावं पुकारत होते, आणि माझं शेवटचं होतं. एकेक जण नमुना पाठ देऊन येत होता. जाड गृहस्थ माझ्याकडे बघतही नव्हते. माझी पाळी आली तेव्हा दुपार कलली होती आणि घशातून आवाज येत नव्हता. सकाळी त्या अकरा जणांपुढे मी तो सगळा वापरून टाकला होता, उरलेला रडण्यात गेला. खरा वर्ग समोर, लिफ्टवाले आणि नळवाले, हातांना वंगणाचे डाग, मागे समिती, आणि मी तोंड उघडते तर नुसती हवा. काय करणार? मी एका नळवाल्या दादांच्या हातात खडू दिला आणि खुणेने सांगितलं, तुम्ही विचारा. पन्नाशीचा माणूस, आयुष्यात कधी फळ्यापुढे उभा राहिलेला नाही. त्याने घाम पुसला आणि एका लिफ्टवाल्याला विचारलं, व्हेअर इज वॉटर? लिफ्टवाल्याने उठून खिडकीतून हात दाखवत सांगितलं. मग दुसऱ्याने तिसऱ्याला विचारलं. कुणी चुकलं की शेजारी सुधारायचा, मी नुसती मान हलवायचे, घरमालकीण हलवते तशी. अर्धा तास मी एक शब्द बोलले नाही, आणि वर्ग थांबायला तयार नव्हता. वन्सं, सव्वीस वर्षं मी वर्गाला माझ्यामागून म्हणायला लावलं. एकदाही त्यांना पुढे जाऊ दिलं नाही. हे मला त्रेपन्नाव्या वर्षी, घसा बसला म्हणून कळलं. थोडी लाज वाटली.

मुख्याध्यापिका बाहेर आल्या आणि म्हणाल्या की आज बारा जणांचे पाठ पाहिले, अकरा जण स्वतःच बोलले, माझे विद्यार्थी फक्त तुमच्या वर्गात बोलले. मी खरं कारण सांगायला तोंड उघडलं, पण आवाजच नव्हता, तेव्हा देवानेच वाचवलं म्हणायचं. जाऊ द्या, आवाज आल्यावर मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग आम्ही रोज सकाळी तुमचा घसा बसवू. एकूणतिसाव्या दिवशी नेमणूकपत्र हातात पडलं. घरमालकिणीने ते उलटसुलट करून पाहिलं, शिक्का बोटाने घासून पाहिला आणि मग मला अशी मिठी मारली की तिच्या कपड्यांवरच्या दोन टाचण्या मला टोचल्या. जागा दोन होत्या, दुसरी त्या जाड गृहस्थांना मिळाली. ते आता माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात, स्वभावाने सोनं आहेत, फक्त मी जवळून गेले की कागदावर हात ठेवतात.

(आता पुन्हा वाचून दाखवायला हरकत नाही.) शाळेत मला स्वतःचं टेबल आहे, कपाट आहे आणि कपाटाला किल्ली आहे. राहायला शाळेच्याच आवारात दोन खोल्या दिल्यात, छप्पर सरळ आहे, कुठेही उभं राहता येतं. पहिल्या दिवशी मी नुसती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताठ चालत राहिले. दुपारी खिडकीतून नळजोडणीचा वर्ग दिसतो, ते एकमेकांना इंग्रजीत पाना मागतात. मी सुखात आहे. माझी काळजी नसावी. मला कुणाची आठवणही फारशी येत नाही, वेळच मिळत नाही. तब्येतीला जपा, गच्चीवर जाऊ नका, कळावे,

तुमची भावजय

ता.क. आळीत काचेच्या केबिनीबद्दल कुणी विचारलं तर बदली झाली म्हणा. तेवढं तुम्हाला जमेल, मागे व्यायामाचं जमलं होतं.

ता.क. दुसरी गोष्ट. मला दिलेल्या खोल्या दोघांसाठी आहेत, तसा नियमच आहे म्हणे. सोबत एक फॉर्म पाठवलाय. त्यात तुमच्या बंधुराजांनी मी पत्नीवर अवलंबून आहे असं लिहून सही करायची आहे. त्यांचा मानी स्वभाव तुम्ही जाणता, तेव्हा डोळा बरा व्हायच्या आत सही घेतलेली बरी. इकडे यायचं ते ऐकणार नाहीत. त्यांना समजावणं माझ्याच्याने होणार नाही, ते फक्त तुमचंच ऐकतात. एवढं माझं काम कराल ना?

ता.क. वन्सं, पत्र पाकिटात घालून डिंक लावला होता, तो पुन्हा उघडला. मला तुमच्याशी असं वागवत नाही. वरचे कंस सगळे खोटे आहेत. त्यांना सगळं ठाऊक आहे, काचेपासून सशाच्या कानांपर्यंत. तुम्ही संध्याकाळी बागेत बायकांत बसायला गेलात की ते मला रोज फोन करतात. रेघा मी इथे खोडत होते तशा ते तिथे तुमच्या कॅलेंडरवर खोडत होते. दूधवाल्याचा हिशोब आहे असं त्यांनी तुम्हाला सांगितलंय. मी रडले त्या दिवशी परत ये असं ते एकदाही म्हणाले नाहीत, एवढंच म्हणाले की अजून चार रेघा आहेत. यायलाही ते तयार आहेत. पंधरा दिवस झाले, त्यांची बॅग पलंगाखाली भरून ठेवलेली आहे. तुम्हाला गुपित सांगितलं की तुम्ही माझ्या बाजूच्या व्हाल आणि तुम्हीच त्यांना धाडलंत असं होईल, म्हणून आम्ही दोघांनी हा घाट घातला. कंस कुठे टाकायचे तेसुद्धा त्यांनीच फोनवर सांगितलं.

मागच्या पत्रात तुम्ही भावाबद्दल लिहिलं होतंत, बाळ आता इथे रमलाय, तू तुझं सांभाळ. ते वाचून आता त्यांना मागायचं कसं, असा प्रश्न मला पडला, आणि त्यांनाही. भावोजी गेल्यापासून सात वर्षं तुम्ही त्या घरात एकट्याच जेवत होतात, आणि आता कुठे ताटं दोन झाली. ते मला म्हणतात, मी रोज जेवताना ताईला सांगायचं ठरवतो, ती वाढायला लागते आणि मी जेवून उठतो. ताईने स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय आपण दाराबाहेर पाऊल टाकणार नाही, असंही म्हणतात, आणि साठीच्या माणसाशी मी काय वाद घालणार.

मला आठवण येत नाही असं वर लिहिलंय, तेही खोडून वाचा. या दोन खोल्यांत मला फार एकटं वाटतं हो. नोकरी मी माझ्या हिमतीने मिळवली, पण तुमच्याकडून तुमचा भाऊ मागायची हिंमत काही केल्या होईना. म्हणून आधी तुम्हाला हसवायला बसले. हसला असाल तर त्यांना पाठवा. हसला नसाल, तरी पाठवा.